चारचा अंत्यविधी, अकराची बातमी

मुखेडचे आमचे एजंट गेल्या वर्षी पोळ्यानंतरच्या मंगळवारी पहाटे वारले. त्याच दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आमच्या वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर त्यांच्या निधनाची बातमी आली. 'शोकाकुल वातावरणात त्यांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार करण्यात आले,' हे तिचे शेवटचे वाक्य होते. अंत्यविधी त्या दिवशी दुपारी चारला होणार होता. बातमी वाचून त्यांची थोरली बहीण अर्ध्या वाटेवरून परत फिरली.

मी तेव्हा नांदेडच्या कार्यालयात ग्रामीणची पाने पाहत होते. त्याआधी बरीच वर्षे लातूरला हेच काम केले होते. निधनवार्ता माझ्याच पानावर लागत.

निधनवार्ता लिहिण्याची रीत ठरलेली आहे. कोण, कुठले, वय किती, कशाने गेले, पश्चात कोण कोण आणि शेवटी अंत्यसंस्कार. हे शेवटचे वाक्य नेहमी भूतकाळात असते आणि बहुतेक वेळा अंत्यसंस्काराच्या आधीच लिहिलेले असते. तालुक्याचा वार्ताहर दुपारी मजकूर पाठवतो, अंत्ययात्रा संध्याकाळी निघते, अंक दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांच्या हातात पडतो. तोवर वाक्य खरे झालेले असते. यात कुणाला काही वावगे वाटत नाही. सत्काराच्या, उद्घाटनाच्या बातम्याही अशाच येतात. 'नागरिक मोठ्या संख्येने उपस्थित होते' हे वाक्य पत्रिका हातात पडली की लिहून होते, खुर्च्या नंतर मांडल्या जातात. एखाद्या वार्ताहराने चुकून 'होणार आहेत' असे लिहिले, तर डेस्कवर आम्हीच ते 'झाले' करत असू.

छापील अंकात या वाक्याला खरे होण्यासाठी एक रात्र मिळत असे. संकेतस्थळ आल्यावर ती रात्र गेली. वाक्य लिहिण्याची रीत मात्र तीच राहिली.

एजंटांना सगळे मुखेड 'अप्पा' म्हणत असे. बाजारात त्यांचे कापडाचे दुकान होते आणि दुकानाच्या पाटीवर कोपऱ्यात आमच्या वर्तमानपत्राचे नाव. पहाटे अंकांचा गठ्ठा बसस्थानकावर उतरवून घ्यायचा, घरोघरी टाकणाऱ्यांना वाटून द्यायचा आणि उरलेले अंक दुकानाच्या पायरीवर ठेवायचे, हा त्यांचा क्रम मी लातूरला असल्यापासून चालू होता. पायरीवर बसून लोक फुकट वाचत. अप्पा त्यांना उठवत नसत. लोक वाचून जे बोलत ते ऐकून घेत आणि डेस्क जागे होण्याच्या सुमारास मला फोन करत.

"ताई, पान तीन काढा."

"काढलं."

"त्या तलावाच्या बातमीला फोटो कुठला लावलात?"

"का, काय झालं?"

"त्यो हितला न्हाई. हितल्या तलावाला पायऱ्याच न्हाईत. लोक हासून राहिलेत."

"कोण लोक, अप्पा?"

"लोक म्हंजे लोक. तुमी लिवता की, 'नागरिकांतून संताप'. आमी ईचारतो का, कोन नागरिक?"

रोज असा एक फोन येई. शंभर जणांचे बोलणे एका माणसाच्या तोंडून येत असल्यामुळे ते गाळून येई. ज्याला कुणाची तरी खोड काढायची आहे त्याचे बोलणे अप्पा पुढे पाठवत नसत. ज्याचे बरोबर आहे पण बोलायला भितो, त्याचे पाठवत. काय गाळले ते मला कधी कळले नाही.

पुढे बातमीच्या खाली वाचकांना लिहिता येऊ लागले. मुखेडचा माणूस पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरूत बसून आपल्या गावच्या बातमीखाली लिहू लागला. कंधारच्या बातमीत किल्ल्याचा दरवाजा चुकीचा सांगितला, की दहा मिनिटांत चार जण बरोबर दरवाजा सांगत आणि पाचवा त्या चौघांची जात काढत असे. अप्पांचे फोन कमी होत गेले. शेवटच्या वर्षात महिन्याकाठी एखादा. एकदा मीच फोन केला, तेव्हा ते म्हणाले, "आता मला कोन सांगतो ताई. लोक तुमच्या खालीच लिवून राहिले. मी बी वाचतो तितं. चष्मा लागतो लई."

कार्यालयात भिंतीवर एक मोठा पडदा बसवला होता. कोणती बातमी या घडीला किती जण वाचत आहेत, ते त्यावर दिसे. आम्ही ज्यांच्यासाठी दोन दोन दिवस फिरत होतो त्या बातम्या त्यावर फारशा वर येत नसत. तालुक्यातल्या निधनवार्ता येत. गाव सोडून गेलेला माणूस गावातले रस्ते, तलाव, निवडणूक सोडून देतो. कोण गेले ते मात्र पाहतो. मुख्य कार्यालयाला हे पडद्यावरून कळले. निधनवार्ता आल्या आल्या संकेतस्थळावर टाकायच्या, असा आदेश निघाला. वार्ताहराने फोनवरून पाठवलेला मजकूर थेट मुख्य कार्यालयाच्या वेब डेस्ककडे जाऊ लागला. आमच्याकडे तो पानासाठी म्हणून नंतर येई.

त्या मंगळवारी मुखेडच्या वार्ताहराने अप्पांच्या अंगणातूनच मजकूर पाठवला. तहसीलसमोर त्याचे झेरॉक्सचे आणि अर्ज भरून देण्याचे दुकान आहे. छापील अंकाच्या दिवसांत तो लिहायला शिकला, त्यामुळे शेवटचे वाक्य रीतीप्रमाणे भूतकाळात होते. सोबत त्याने जिल्ह्याच्या वार्ताहरांच्या गटात आवाजी निरोप टाकला. 'मजकूर टाकलाय. चारला हाय. उद्याच्या अंकात फोटो मोठा घ्या, आपला मानूस हाय.' त्याच वेळी गटात धरणाच्या दरवाजांचे निरोप पडत होते. हा निरोप त्यांच्याखाली गेला. वेब डेस्क त्या गटात नव्हते. त्यांनी मजकूर पाहिला, आपल्या संस्थेचा एजंट म्हणून वर घेतला आणि सोडला.

मी कार्यालयात आले तेव्हा ही बातमी पडद्यावर सर्वांत वर होती. अप्पा गेल्याचे मला तिथे कळले.

बातमी वाचून झाल्यावर मी खालचे लिखाण वाचत गेले. 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि जोडलेले हात, एकाखाली एक, लांबपर्यंत. कुणीतरी विचारले होते, 'कोणते अप्पा? कापडवाले का?' त्याला उत्तर न देता पुढच्याने श्रद्धांजली वाहिली होती. मध्येच एक ओळ होती: 'अहो, अजून घरीच आहेत अप्पा. विमान बांधून राहिलेत. चारला आहे. यांना कोण सांगितलं झालं म्हणून?'

अप्पा लिंगायत. त्यांच्यात मृताला आडवे नेत नाहीत. नेसवून, फेटा बांधून, कपाळावर विभूती लावून बसवतात. ज्या सजवलेल्या चौकटीत बसवून नेतात तिला विमान म्हणतात. चेहरा शेवटपर्यंत समोर दिसतो. मग बसलेल्या स्थितीतच समाधी देतात.

त्या ओळीखाली पुन्हा श्रद्धांजल्या होत्या. ती कुणी वाचली असेल, तर तसे कुठे दिसत नव्हते. आणखी खाली दोन ओळी होत्या.

'आक्का कुठपर्यंत आल्या?'

'जांबवरून परत फिरल्या म्हणतात. अंत्यविधी झाला असं मोबाइलवर आलं म्हणून.'

आक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण. लातूर जिल्ह्यात, जळकोटजवळच्या एका खेड्यात दिलेली. भावंडांत तेवढी एकच उरली होती. जळकोटहून मुखेडला यायचे तर जांबच्या फाट्यावर गाडी बदलावी लागते.

मी वार्ताहराला फोन केला. मागे भजनाचा आवाज येत होता.

"सर, अंत्यविधी झाला का?"

"चारला हाय ताई. ग्रुपवर सांगितलो न मी."

"बातमीत झाला म्हणून लिहिलंय."

"मग काय लिवावं? लोक उद्या वाचनार. 'होनार' लिवलं की तुमीच कापता."

"ती आत्ताच साइटवर आलीय. आक्का जांबवरून माघारी गेल्या, असं खाली कुणीतरी लिहिलंय."

त्याने फोन कानापासून दूर धरून कुणाला तरी काही विचारल्याचे ऐकू आले. परत आला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. "थांबा. हितं तं सगळे वाट बगून राहिलेत. सकाळी आक्का फोनवर म्हनल्या, मी आल्याबिगर उचलू नका. अप्पाचं पोरगं म्हनतं आत्या गाडीत हाय. फोन लावतेत, पन संगं त्यांची सुनबाई हाय, तिचा फोन बंद येऊन राहिला."

मी विचारले की थोडे थांबता येईल का. त्याने सांगितले की विधी करणारे स्वामी दिवस मावळायच्या आत म्हणतात आणि आभाळ भरून आले आहे. "आनि ताई, यांच्यात बाया गावच्या येशीपर्यंतच येतेत. फुडं न्हाई. विमान येशीच्या आत हाय तवर आल्या तर आल्या."

मी मुख्य कार्यालयाच्या वेब डेस्कला फोन केला. पलीकडच्या मुलीने ऐकून घेतले. ती कामाला चोख होती.

"बदलते ताई. पण हेडिंग राहू द्या म्हणतायत. चांगली चाललीय."

"हेडिंग राहू द्या. शेवटचं वाक्य काढा."

"त्या जागी काय टाकू?"

"चारला आहे, असं टाका."

तिने लगेच बदलले. पण ज्यांनी बातमी पुढे पाठवली होती त्यांनी ती मजकुरासह उतरवून पाठवली होती. भावकीच्या, शाळेच्या, गल्लीच्या, व्यापाऱ्यांच्या गटांत ती जुन्या वाक्यासह फिरत राहिली. संकेतस्थळावरून वाक्य काढून टाकले, हे ज्यांनी ते वाचले होते त्यांना कळण्याचा काही मार्ग नव्हता.

जळकोट, जांब, मुखेड, कंधार या रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्यांचा एक गट आहे. शिक्षक, ग्रामसेवक, दवाखान्यातल्या परिचारिका, पेशंट घेऊन फिरणारे. 'गाडी आली का', 'फाट्यावर पाणी आहे का', 'अमुक गाडी पंक्चर', एवढेच त्यात लिहितात. पावसाळ्यात रस्ता बंद पडला, की आम्ही त्या गटावरून बातमी करत असू. सूत्रांनी सांगितले, असे लिहीत असू. मीही त्यात होते. मी लिहिण्याआधीच कुणीतरी लिहिले: 'जांबवरून जळकोटकडे जाणाऱ्या गाडीत कुणी आहे का? दोन बाया आहेत. एक म्हातारी, हिरवं लुगडं. त्यांना सांगा, अप्पांचा विधी अजून झालेला नाही. माघारी या.'

त्यानंतर दीड-दोन तास मी त्या गटाकडे आणि बातमीखालच्या लिखाणाकडे पाहत पान लावले.

पहिले उत्तर आले की जांबच्या फाट्यावर एक म्हातारी चक्कर येऊन पडली, दवाखान्यात नेले. सोबत छायाचित्र. एकाने लिहिले, हे जांब नाही, मागे दिसते ती टाकी जांबला नाही. दुसऱ्याने विचारले, मग टाकलेच कशाला? पहिल्याने छायाचित्र काढून घेतले. तोपर्यंत ते बातमीखाली येऊन पोहोचले होते आणि तिथे आक्कांच्या प्रकृतीला आराम पडो, अशा प्रार्थना सुरू झाल्या होत्या.

मग कुणीतरी लिहिले, अंत्ययात्रा पाचला ठेवली आहे. हे कुणी ठरवले ते लिहिले नव्हते. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असावा. थोड्याच वेळात वार्ताहराचा फोन आला.

"ताई, हितून लोक उठून जाऊन राहिले. पाचला हाय म्हनून कोन टाकलं?"

"आम्ही नाही."

"तुमच्या खालीच हाय की."

"खाली आहे, पण आम्ही नाही टाकलं."

"लोक तेवढं कुठं बगतेत ताई," तो म्हणाला. "पेपरात हाय म्हनतेत."

मी वेब डेस्कला ती ओळ काढायला सांगितली. त्यांनी काढली. काढली म्हणून एकाने लिहिले की वर्तमानपत्र खरे दडपते आहे. त्याला बऱ्याच जणांनी अंगठे दिले.

बसमधल्या एका शिक्षिकेचा निरोप आला तो दोननंतर. 'आहेत. मागच्या सीटवर. रडून राहिल्यात. सांगितलं, पण म्हातारी ऐकत नाही.' पाठोपाठ आणखी एक: 'उतरवलं. मीपण उतरले. उलटी गाडी बघतोय.' मग एका पिकअपवाल्याचा निरोप, की तो कोबी उतरवून मोकळा येतो आहे, अलीकडच्या फाट्यापासून घेतो. मग काही नाही. त्या पट्ट्यात फोनला रेंज नसते, हे गटातल्या सगळ्यांना माहीत आहे. तरी लोक दर मिनिटाला विचारत राहिले.

चारनंतर थोड्या वेळाने विमान उचलले. वार्ताहर मला म्हणाला की त्याला पुढे जाऊन समाधीच्या जागेची व्यवस्था पाहायची आहे, यापुढे तो फोन घेऊ शकणार नाही.

बाजारपेठेत दुकाने अर्धी बंद होती. मुखेडात एखादा व्यापारी वारला, की त्याचे विमान त्याच्या दुकानासमोर टेकवतात. मुलगा दुकान उघडतो, दिवा लावतो, पुन्हा बंद करतो. मग पुढे नेतात. अप्पांच्या दुकानापासून वेस फार दूर नाही.

समोरच्या माडीवरून कुणीतरी हे चालू असतानाच दाखवत होते आणि त्याचा दुवा आमच्या बातमीखाली टाकला होता. मी तो उघडला. विमान दुकानासमोर टेकवलेले दिसत होते. झेंडूच्या माळा, उसाची धाटे, मधोमध अप्पा. फेटा पिवळा होता. मान किंचित डावीकडे झुकली होती. पायरीवर ते बसायचे तेव्हाही त्यांची मान तशीच असायची. मुलाने दिवा लावला. दार पुन्हा ओढले. विमान कुणी उचलत नव्हते. स्वामी हाताने काहीतरी खुणावत होते. जांबच्या रस्त्याकडून हॉर्न ऐकू आला, एका पांढऱ्या गाडीचे तोंड चित्रात आले, लोक बाजूला होऊ लागले आणि चित्र थांबले. दाखवणाऱ्याला कुणाचा तरी फोन आला असावा.

खाली लिहून येऊ लागले.

'आल्या आक्का.'

'नाही आल्या. ती अप्पांची मेहुणी.'

'भेट झाली म्हणतात.'

'विमान निघून गेल्यावर पोचल्या. वाईट झालं.'

'माझ्या डोळ्यांनी बघितलं, भेट झाली.' हे लिहिणाऱ्याने आपले गाव पुणे असे दिले होते.

वार्ताहराने फोन घेतला तेव्हा पान छपाईला सोडायची वेळ होत आली होती.

"आक्का पोहोचल्या का?"

"पोचल्या म्हनतेत."

"तुम्ही पाहिलं?"

"मी खड्ड्यापाशी होतो ताई. बाया तं येशीपासून मागं फिरल्या. मला काय दिसनार?"

"तोंड पाहिलं का त्यांनी? कुणाला विचारता येईल?"

"आता कुनाला ईचारू? माती देऊन राहिलेत."

मी ती गोष्ट पानावर घेतली नाही. सकाळच्या अंकात निधनवार्ता वार्ताहराने पहिल्यांदा पाठवली तशीच लागली, फोटो मोठा घेऊन. 'शोकाकुल वातावरणात त्यांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार करण्यात आले.' यात आता काही चूक नव्हती. अंकांचा गठ्ठा बसस्थानकावर मुलाने उतरवून घेतला.

दुसऱ्या दिवशी मुख्य कार्यालयातून फोन आला. बातमी चांगली चालली होती आणि तिच्याखालचे लिखाण त्याहून चांगले चालले होते. वाचकांनी मिळून बहीण-भावाची शेवटची भेट घडवली, अशी बातमी मी द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते.

"भेट झाली की नाही ते अजून कळलेलं नाही," मी म्हणाले.

"कमेंटमध्ये आलंय की."

"झाली नाही असंही आलंय."

"जास्त लोक काय म्हणतायत?"

मी सांगितले की मी मोजले नाहीत. ते म्हणाले, बघा जमतं का. रागावले नव्हते. दुपारपर्यंत दुसऱ्या दोन संकेतस्थळांवर ती बातमी आली. एकीत आक्का भावाच्या गळ्यात पडून रडल्या होत्या, दुसरीत त्या उशिरा पोहोचल्या होत्या आणि वेशीवर बसून राहिल्या होत्या. दोन्हींत माडीवरून घेतलेले तेच चित्र होते. आमच्या वर्तमानपत्राच्या चुकीचा उल्लेख दोन्हींत नव्हता, कारण बातमीत ती चूक उरली नव्हती.

काही दिवसांनी, मृत्यूनंतरच्या शिवगणाराधनेच्या जेवणाला कार्यालयाच्या वतीने कुणीतरी जायला हवे होते. मी गेले. नांदेडहून कंधारमार्गे मुखेडची गाडी मिळाली. घरासमोर मांडव होता. वार्ताहर वाढप्यांत होता, हातात वरणाची बादली. आत माजघरात सतरंजीवर आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी त्यांची सून.

"कोन आलंय?" आक्कांनी विचारले.

"पेपरच्या बाई हायत, आत्याबाई. नांदेडच्या."

आक्कांनी माझ्याकडे पाहिले. "तुमीच का? सकाळीच पुरलता की तुमी त्याला."

"आत्याबाई, आसं बोलू नका."

"खोटं बोलले का मी?" मग मला म्हणाल्या, "बसा. जेवल्या का?"

मी बसले. सुनेने त्या दिवशीचे सांगितले. जांबच्या फाट्यावर गाडीची वाट पाहत असताना तिच्या जावेने गटात टाकलेली बातमी तिला दिसली. आमच्या वर्तमानपत्राचे नाव वर होते. तिने आक्कांना वाचून दाखवली. फोनची बॅटरी तिथेच संपली. आता जाऊन काय करायचे म्हणून दोघी मिळाली त्या गाडीने उलट्या निघाल्या. पुढे त्या शिक्षिकेने मागच्या सीटजवळ येऊन सांगितले, तेव्हा आक्कांनी मानले नाही.

"ती मास्तरीन म्हनली, आक्का, पेपर चुकला," सून म्हणाली. "ह्या म्हनल्या, कसा चुकंल? माज्या भावाचा पेपर हाय त्यो."

"मग?" आक्का म्हणाल्या. "सारी उमर त्योच वाटला की त्यानं. चुकला तं त्यो सांगायचा, हे चुकलं म्हनून. आता कोन सांगनार व्हतं?"

सुनेने डब्यातली विडा-सुपारी पुढे केली. आक्कांनी पुन्हा विचारले, जेवल्या का.

मांडवात मी विमानाचा पुढचा दांडा धरणाऱ्या शेजारच्या किराणा दुकानदाराला गाठले. तो म्हणाला, "दुकानापुढं टेकवतोच आमी. ते काय आक्कासाठी न्हाई. पन मग उचला म्हनलं स्वामीनं, तर कोनी हात लावंना. मी बी लावलो न्हाई. एकजन म्हनला, जरा चप्पल तुटली. एक म्हनला, खांदा बदलू. चालून राहिलं आसंच. स्वामी चिडले." हे कुणी ठरवले होते का, असे मी विचारले. तो म्हणाला, कुणी नाही. सगळ्यांच्या खिशात फोन होते आणि सगळ्यांना ठाऊक होते की पिकअप निघाली आहे. कुठे आहे ते मात्र ठाऊक नव्हते.

पिकअपवाल्याला मी परतताना जांबच्या फाट्यावर भेटले. त्याने गाडी कुठे उभी केली, कोण आधी उतरले, ते सांगितले.

मी मुख्य कार्यालयाला कळवले की भेटीची खात्री झाली आहे. त्यांनी विचारले, व्हिडिओ आहे का. नाही म्हटल्यावर ते म्हणाले, ते आता जुने झाले. निधनवार्ता अजून आल्या आल्या संकेतस्थळावर जातात. मुखेडचा वार्ताहर आता शेवटचे वाक्य लिहीतच नाही. डेस्कवर कुणीतरी ते घालते.

सून, किराणा दुकानदार आणि पिकअपवाला यांनी वेगवेगळे सांगितले आणि जुळले ते असे. विमान दुकानासमोर टेकवलेले असताना पिकअप बाजारात आली. आक्का चालकाच्या बाजूने उतरल्या, कारण दुसरे दार उघडत नव्हते. लोकांनी वाट दिली. आक्का विमानासमोर उभ्या राहिल्या. पावसाच्या शिंतोड्यांनी अप्पांच्या कपाळावरची विभूती एका बाजूला ओघळली होती. आक्कांनी ती बोटांनी सारखी केली. त्यानंतर विमान उचलण्यात आले.